वाकळेचं दुसरं टोक

"यंदा नदीला जायाचं न्हाई," मामा म्हणाले आणि चहाची रिकामी बशी खाली ठेवली. "सूनबाई म्हंती तसंच करू. समद्या वाकळा टेम्पोत घालायच्या आन् तालुक्याला त्या गाड्या धुवायच्या सेंटरवर न्यायच्या. येका सकाळीत काम खलास."

हातातली भाकरी तव्यावर टाकायची मी विसरलेच. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी सुचवलेली एकही गोष्ट मामांनी पहिल्या फटक्यात मान्य केली नव्हती. आणि हिच्यात तर वर पैसे जाणार होते!

"मी नदीलाच जानार," आत्या म्हणाल्या.

हे त्याहून नवल. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. तर या आत्यांनी मामांना तोंडावर नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज चढवला नाही, मानही वर केली नाही. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, पण म्हणाल्या.

"मोडक्या हातानं काय धुनार हाईस?"

"बघीन माजं मी."

मामांनी टोपी चढवली आणि रानाकडं चालू पडले. आत्या लसूणच सोलत राहिल्या. भाजीला लागतो त्याच्या दुप्पट सोलून झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा होता. घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुऊन काढायचं, ही आमच्या सांगलीकडची रीत. गोधडीला इकडं वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली वाकळ अंगावर घ्यायला फार गोड, पण एकदा भिजली की एकट्या बाईला आवरत नाही. त्यामुळं सगळं गाव एका दिवशी नदीला लोटायचं. दिवसभर आपटायचं, तुडवायचं, काठावर पसरायचं आणि कमरेचा काटा ढिला करून घेऊन घरी यायचं. मी इस्लामपूरची. आमच्या फ्लॅटमध्ये वाकळा नव्हत्याच. पहिल्या वर्षी नदीवरून आले आणि दोन दिवस मला पोळपाटावर वाकता येईना.

त्यात यंदा आत्यांचं उजवं मनगट मोडलेलं. श्रावणात गोठ्यात पाय घसरून पडल्या होत्या, प्लास्टर नुकतंच काढलं होतं. तालुक्याच्या रस्त्यावरच्या सेंटरवर 'वाकळा धुऊन मिळतील' असा फलक मी बघितला तेव्हा मला वाटलं, देवच पावला.

धुण्याच्या बाबतीत माझ्या शब्दाला या घरात थोडं वजनही होतं. माहेरच्यांनी लग्नात दिलेलं मशीन मामांनी कितीतरी दिवस सुरूच करू दिलं नव्हतं. बिल वाढतं, पाणी जातं, कापड फाटतं, एक ना दोन. अंगाच्या साबणाची झिजलेली चकतीसुद्धा नव्या वडीला चिकटवून वापरणारा माणूस! शेवटी एकदा त्यांना मी समोर उभं केलं. कॉलरीला आणि बाह्यांना आधी साबण लावून ठेवला, म्हणजे मशीनला पावडर निम्मी पुरते. पहिल्यांदा पांढरे कपडे फिरवले, त्याच पाण्यात मग रंगीत आणि शेवटी रानातले. उरलेलं फेसाचं पाणी गोठा धुवायला काढून दिलं. मामा बराच वेळ त्या बादलीकडं बघत राहिले. त्यानंतर पाव्हणा आला की त्याला चहाआधी मशीन दाखवायला न्यायचे आणि "येकाच पान्यात तीन धुनी!" असं सांगायचे, जणू मशीन त्यांनीच बनवलंय.

वाकळा मात्र त्या मशीनमध्ये मावत नव्हत्या. म्हणून सेंटर. आणि आता आत्यांनी त्यालाच मोडता घातलेला.

दुपारी आम्ही दोघी वाकळा उन्हात काढत होतो. मला राहवेना.

"आत्या, माझं काय चुकलं ते तरी सांगा. तुमच्या हाताचा विचार करूनच बोलले मी. नदीला एक अख्खा दिवस जातो, ट्रॅक्टरचं डिझेल जातं, साबण निम्मा वाहून जातो. सेंटरवर—"

"तुजं समदं बराबर हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. मी नदीला जानार."

"हात परत मोडला म्हणजे?"

आत्या अंगणातल्या बाजेवर बसल्या. फाटकाकडं एकदा बघून घेतलं. मग मांडीवरच्या वाकळेतला एक हिरवा तुकडा त्यांनी मला दाखवला. बारीक पांढऱ्या फुलांचा.

"ह्यो सुवर्णाचा परकर."

सुवर्णा म्हणजे माझी नणंद. या घरात तिचं नाव कुणी काढत नसे. लग्नाआधी माझ्या आईला कुणीतरी कानात सांगितलं होतं, की एक मुलगी होती, तिनं परजातीतल्या पोराशी पळून जाऊन लग्न केलं आणि बापानं तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत लेक मेली म्हणून आंघोळ करायची! मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. नवऱ्यालाही कधी विचारलं नव्हतं.

"ती नदीला येती," आत्या म्हणाल्या.

"कोण?"

"सुवर्णा. तालुक्याला ऱ्हाती. दरसाल येती. आपला दिस तिला ठावं असतोय, गाव ज्या दिशी जातंय त्यो."

"आणि मामा?"

"ते वर झाडाखाली ट्रॅक्टरपाशी बसत्यात. बायकांच्या धुन्यात कशाला येत्यात?" आत्यांनी हिरव्या तुकड्यावरून हात फिरवला. "आगं, वाकळ येकटीला पिळत न्हाई. दोन टोकाला दोघी लागत्यात. नदीवर कुनीबी येऊन कुनाच्याबी वाकळंचं टोक धरतंय. कोन कुनाची, कोन इचारतंय? तसंच ती येती आन् टोक धरती. समद्या वाकळा पिळून हुईस्तवर असती माज्यासमोर. मग जाती."

"बोलता काय मग तुम्ही?"

"बोलायचं काय? हाईस का बरी, हाय. पोरं हायती का बरी, हायती. बायका आयकत्यात की."

मागल्या वर्षी मीही त्याच नदीवर होते. निळ्या साडीतली एक उंच बाई आत्यांच्या समोर उभी राहून वाकळ पिळत होती, हे मला लख्ख आठवलं. गावातलीच कुणी असेल असं समजून मी तिला प्यायला पाणीसुद्धा दिलं होतं. माझी नणंद होती ती!

"गेल्या साली ह्यांनी बघितलं," आत्या म्हणाल्या. "तंबाकू इसरली म्हनून खाली आलते. कायबी बोलले न्हाईत, तसंच माघारी वर गेले. वरीसभर मी वाट बघतीया कवा बोलतील. आता बोलले."

म्हणजे मामांना मी सुचवलेलं पटलं होतं ते असं. ते वर्षभर निमित्त शोधत होते, आणि मी ते धुऊन, इस्त्री करून त्यांच्या हातात दिलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी कंबर कसली.

"मामा, मी चौकशी केली. त्या पाण्याच्या जोरानं वाकळेचे टाके उसवतात म्हणे."

"लांबून मारायचा फवारा. तिरका. तूच सांगितलंस."

"धुतल्यासारखं होत नाही पण. आपटल्याशिवाय मळ निघत नाही."

"आपटून कापडाचा जीव जातो, मळ भिजल्यानं निघतो. ह्येबी तूच सांगितलंस, मशीनच्या येळंला."

"पैसे जातील, मामा."

"डिझेल वाचंल. दिस वाचंल. आन् हिचा हात वाचंल." त्यांनी ताटात हात धुतला. "तू शिकल्याली हाईस पोरी. आज येक, उद्या येक बोलू नगंस."

माझ्याच वाक्यांनी मला चारीमुंड्या चीत करून मामा ओसरीवर झोपायला गेले. आत्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती.

माझा नवरा संग्राम साखर कारखान्यात कामाला होता. पाळीवरून घरी आला तसं त्याला मी कोपऱ्यात घेतलं. "वन्संचा नंबर आहे ना तुझ्याकडं?" आधी त्यानं कानांवर हात ठेवले. मी नुसती बघत राहिले, तेव्हा मुकाट्यानं फोन काढून दिला. नंबर होता. बहीणभावाचं वर्षानुवर्षं बोलणं होतं, आणि बायकोला पत्ता नाही! त्याचा हिशेब नंतर करायचा ठरवून मी फोन लावला.

"वन्सं, मी स्वप्नाली. तुमची भावजय."

पलीकडून घाईघाईनं, "आईला काय झालं?"

"काही नाही, बऱ्या आहेत. पण यंदा नदीला येत नाही आम्ही. तुमच्याच गावात येतोय, स्टँडच्या पुढं गाड्या धुतात ना, तिथं. गुरुवारी सकाळी."

"दादा असत्याल?" वडलांना त्या दादा म्हणत.

"असतील."

"मग मी न्हाई यायची, वहिनी. चार माणसांत त्यांनी तोंड फिरवलं तर मला सोसायचं न्हाई. नदीवर निदान ते वर असायचे."

"आत्यांचं मनगट मोडलंय. त्यांना पिळता यायचं नाही. सेंटरवाला फवारा मारून देतो, पिळून देत नाही. माणूस आपलंच लागतं." मग म्हटलं, "या म्हणत नाही. येणार नसाल तर आत्यांना मी सांगणारही नाही, नाहीतर त्या वाट बघत बसतील."

"बघते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी टेम्पो भरला. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागं वाकळांवर. आत्या शेवटी आल्या होत्या त्या मामांनी "कोन काय धुतंय ते बघायला घरचं मानूस नगं?" असं म्हटल्यावर. सेंटरवर गाडी एकही नव्हती. जिथं जीप चढवतात त्या सिमेंटच्या उतारावर लोकांनी वाकळा पसरल्या होत्या, भोवताली गुडघ्याएवढे ढीग, आणि तांबूस पाण्याचे ओहोळ रस्त्यापर्यंत गेलेले. खाली सगळा तेलकट काळा चिखल.

आमचा नंबर लागला तसं मी मालकाला म्हटलं, आमच्या वाकळा मी सांगेन तशा घ्या. उन्हात वाळवून, झोडपून त्यांची धूळ मी घरीच काढली होती, डागांना साबण चोळून आणला होता. फिक्या रंगाच्या आधी, गडद मागून. पावडर कोरडी न फेकता बादलीत विरघळवून ओतली, तुडवली, आणि मळ सुटेपर्यंत थांबून मग फवारा मारायला लावला. मालक आधी वैतागला, पण फेस पहिल्याच पाण्यात निघून गेला तेव्हा गप्प झाला. मामा बाजूला उभे राहून मान डोलवत होते. एकंदरीत काम फर्स्टक्लास चाललं होतं, आणि माझा अर्धा जीव रस्त्याकडं लागला होता.

शेवटची वाकळ धुऊन झाली आणि मी बघितलं, तर फाटकाशी वन्सं उभ्या होत्या.

आत्यांनी बघितलं. मामांनीही बघितलं. मामांची मान फिरली ती टेम्पोकडं.

"चला," ते ड्रायव्हरला म्हणाले. "वल्ल्याच भरा. घरी पिळू."

"वल्ल्या?" ड्रायव्हर उडालाच. "आवो तात्या, येक येक वाकळ म्हशीएवढी झाल्या. माझ्या टेम्पोचे पाटे बसतील! भरायच्या तर भाडं डबल पडंल."

डबल म्हटल्यावर मामा थांबले. ते कुणासाठी थांबले नसते, पण डबल भाडं त्यांच्या घशाखाली उतरणं शक्य नव्हतं.

"मग पिळा लवकर," ते मला म्हणाले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

वन्सं आल्या. चपला काढल्या, साडी खोचली, पहिल्या वाकळेचं टोक उचललं. दुसरं मी धरलं. आत्या पालथ्या बादलीवर बसल्या होत्या.

"हात कसा हाय आई?"

"हाय बरा. पोरं?"

"हायती."

एवढंच. आम्ही पिळत राहिलो, घड्या घालून टेम्पोत ठेवत राहिलो. वन्संच्या हाताला जोर होता, दर पिळ्याला पाण्याची धार लागायची. आत्या त्यांच्याकडं एकटक बघत होत्या, डोळे पुसायचेसुद्धा त्यांना भान नव्हतं. मला मात्र मामांच्या त्या पाठीचा भयंकर राग आला होता. रुंद, पांढरा सदरा घातलेली, मी स्वतः धुतलेला. वाटलं, वाकळा संपतील आणि ही पाठ तशीच टेम्पोत जाऊन बसेल.

दोघांना पुरेल अशी जोडाची मोठी वाकळ शेवटी राहिली. आम्ही दोघींनी ती उचलली, मधला भाग जमिनीला टेकायला एक वीत उरला. खाली तो काळा चिखल. मी दोन पावलं मागं सरकले ती नेमकी मामांच्या शेजारी.

"मामा, धरा! निसटतंय माझ्या हातातनं!"

निसटत वगैरे काही नव्हतं. मी सोडत होते. मामा गर्रकन वळले. धुतलेली वाकळ, साबण गेलेला, पैसे दिलेले, आणि ती तेलाच्या चिखलात पडणार! त्यांनी दोन्ही हातांनी टोक पकडलं. मी लगेच बाजूला झाले आणि मनगट चोळत बसले. मनगटाला माझ्या काहीही झालं नव्हतं.

आता एका टोकाला बाप आणि दुसऱ्याला लेक.

मामांनी समोर बघितलंच नाही. नजर वाकळेवर ठेवून त्यांनी पीळ द्यायला सुरुवात केली. वन्संनीही दिला. वाकळ फिरली, पुन्हा फिरली, आणि पाणी काही निघेना. जन्मात कधी कापड पिळलेलं नव्हतं त्यांनी. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजवीकडं वळवायचं असतं. मामा डावीकडं वळवत होते. त्यामुळं ती अवजड वाकळ नुसतीच दोघांच्या मध्ये गरागरा फिरत होती. रांगेतल्या बायका हसू दाबायला लागल्या. मामांच्या कपाळावर घाम आला, पण थांबतील तर ते मामा कसले!

"दादा," वन्सं म्हणाल्या. फवाऱ्याच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या, "दादा, उलटं. तुमच्या उजवीकडं."

मामांचे हात थांबले. आत्या बादलीवरून उठून उभ्या राहिल्या.

मामांनी हात उजवीकडं वळवले.

पाण्याचा लोंढाच खाली आला. दोघांचे पाय भिजले. वन्संनी अजून एक पीळ दिला, मामांनी दिला, वाकळ दोराएवढी आवळत आली आणि थेंब गळायचे थांबले. मग उलगडून घडी घालायची असते, त्याला टोकं जुळवत एकमेकांकडं चालत यावं लागतं. वन्सं चालत आल्या. मामा जागचे हलले नाहीत, पण हात पुढं केले, आणि आपल्याकडची दोन्ही टोकं लेकीच्या हातात दिली. तेव्हा त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या कानशिलावर केस पांढरे झाले होते. ते बराच वेळ तिथंच बघत राहिले.

"झालं का?" ड्रायव्हर ओरडला. "निघायचं न्हवं?"

मामा टेम्पोकडं गेले. वाटलं, चाललेच हे. आत्यांनी डोळ्याला पदर लावला.

मामांनी टेम्पोत हात घातला, वरची एक वाकळ ओढली आणि ती खांद्यावर टाकून परत आले. ती मी आणि वन्संनी मघाशीच पिळली होती. तिच्यात थेंबभरसुद्धा पाणी राहिलं नव्हतं.

"ही नीट पिळली न्हाई," मामा म्हणाले आणि तिचं एक टोक पुढं केलं. "धर, सुवर्णा."